उसातील खोडकिडा आणि त्याच्यावर जगणारी माशी



सुरू लागणीचा ऊस दोन महिन्यांचा झाला आणि ऊन तापू लागलं, की एक प्रश्न हमखास येतो : "पोंगे वाळायला लागलेत, कोणतं औषध मारू?" औषधाचं नाव सांगणं सोपं आहे. पण त्याआधी वाळलेला कोंब फोडून आत कोण आहे ते पाहावं, असं आमचं म्हणणं आहे. कारण आत खोडकिडा तर असतोच, पण काही वेळा त्या किड्यालाच खाणारा दुसरा जीवही असतो. त्याची ओळख व्हावी म्हणून हा लेख.

आधी किडा पाहू. खोडकिड्याची मादी म्हणजे वाळल्या गवताच्या रंगाचा एक पतंग. ती पानाच्या खालच्या बाजूला पुंजक्याने अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी जमिनीलगत कोंबाला भोक पाडते आणि आतला गाभा खाते. मग पोंगा वाळतो, ओढला की अलगद हातात येतो आणि बुडाला घाण वास मारतो. आतली अळी मळकट पांढरी असून तिच्या पाठीवर पाच जांभळट रेघा असतात. उसाला कांड्या सुटेपर्यंत या किडीचा जोर असतो.

आता माशी. शास्त्रीय नाव स्टर्मिऑप्सिस इनफेरेन्स, कूळ टॅकिनिड. नाव अवघड आहे, पण दिसायला ती घरातल्या माशीसारखीच, फक्त अंगावर राठ केस जास्त. या माशीची मादी अंडी बाहेर घालत नाही. अंडी तिच्या पोटातच उबतात. खोडकिड्याने भोकातून बाहेर टाकलेल्या विष्ठेच्या वासावर ती येते आणि भोकाच्या तोंडाशी जिवंत, बारीक अळ्या सोडते. त्या अळ्या बोगद्यात सरपटत जाऊन किडा गाठतात आणि त्याची कातडी भेदून आत शिरतात. किडा काही दिवस जिवंत राहतो, खातोही. पण आतून पोखरला जातो. शेवटी तो मरतो. माशीची पोसलेली अळी बाहेर पडते, त्याच बोगद्यात कोष करते आणि त्यातून पुढे नवी माशी निघते.

या माशीवर कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत (स्थापना १९१२) बरंच काम झालं आहे. तिथे पोटुशा माशीतल्या बारीक अळ्या काढून घेतात आणि मऊ ब्रशाने एकेका खोडकिड्यावर सोडतात. अशा रीतीने माशा वाढवून त्या उसात सोडता येतात.

बाहेरच्या देशाचं एक उदाहरण ऊस उत्पादकांना खास जवळचं वाटेल. हवाई बेटांत उसाला एका सोंड्या भुंग्याने जेरीस आणलं होतं. तिथल्या ऊस बागायतदारांच्या संघटनेने फ्रेडरिक मूर नावाच्या कीटकशास्त्रज्ञाला त्या भुंग्याचा शत्रू शोधायला धाडलं. न्यू गिनीत त्याला याच टॅकिनिड कुळातली एक माशी सापडली. वाट लांबची, माशा वाटेतच मरायच्या. म्हणून क्वीन्सलँड आणि फिजी इथे मुक्काम करून, प्रत्येक ठिकाणी नवी पिढी वाढवत, १९१० साली ती माशी हवाईत पोचवली. भुंग्याचा जोर ओसरला. हे काम उत्पादकांनी एकत्र येऊन केलं होतं, हे लक्षात घ्यावं.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, आमच्या रेशमाच्या शेडमध्ये तर माशीनं नुकसान केलं!" बरोबर आहे. आपल्या बीड जिल्ह्यात तुतीची लागवड वाढली आहे आणि उझी माशी रेशीम उत्पादकांना ठाऊक आहे. तीही याच कुळातली. १९८० साली ती कर्नाटकात शिरली. त्याआधी बंगालकडे होती. ती रेशीम अळीच्या अंगावर अंडं चिकटवते, आणि माशीची अळी आत शिरते तिथे काळा डाग पडतो. पुढे ती कोष फोडून बाहेर आली, तर त्या कोषाचा सलग धागा निघत नाही. शेडला बारीक जाळी लावणं हा तिच्यावरचा पहिला उपाय. पण ती जात वेगळी. उसातली माशी खोडात राहणाऱ्या किड्यांवर जगते, तिच्यापासून रेशमाला भय नाही. कूळ एकच, पण एक आपल्या शत्रूला खाते आणि दुसरी आपल्या पोसलेल्या अळीला. म्हणून नुसती माशी पाहून मित्र की शत्रू ठरवू नये. ती कोणावर जगते ते पाहावं.

खरं तेही सांगितलं पाहिजे. ही माशी किडा मारते तोवर तो कोंब गेलेला असतो. फायदा होतो तो पुढच्या पिढीत. मेलेल्या किड्याचा पतंग होत नाही. ट्रायकोकार्डातली गांधीलमाशीच्या जातीची चिमुकली माशी किडीचं अंडंच खाते, म्हणून ती आधीच्या टप्प्यावर उपयोगी. दोन्ही एकमेकींना पूरक आहेत. आणि औषधाची अवेळी फवारणी बाहेर फिरणाऱ्या या माशांना आधी लागते; किडा मात्र कोंबात सुरक्षित बसलेला असतो. पैसा आपला जातो आणि फावतं किड्याचं.

तेव्हा एवढं करा. वेगवेगळ्या सऱ्यांतून दहा-वीस वाळलेले कोंब काढा आणि उभे चिरा. सडपातळ, डिवचल्यावर शेपटाकडून वळवळणारा कोष किड्याचा. तपकिरी, गुळगुळीत, पिंपासारखा फुगीर आणि अजिबात न हलणारा कोष माशीचा. जिवंत अळ्या काचेच्या बरणीत ताज्या कोंबाच्या तुकड्यांसह वेगवेगळ्या ठेवा, तोंडाला फडकं बांधा, तारखेची चिठ्ठी लावा. दोन-तीन आठवड्यांत पतंग निघतो की माशी, ते घरातली शाळकरी पोरंसुद्धा सांगतील.

काढलेले कोंब सरसकट जाळू नका. किडे ठेचा, पण माशीचे कोष उसातच सावलीला ठेवा. हलकी भर द्या, सरीत पाचट पसरा, पाण्याचा ताण पडू देऊ नका. औषध कधीच नको, असं आम्ही म्हणत नाही. पण माशीचे कोष बऱ्यापैकी सापडले, तर फवारणीआधी शेतकी विभागाचा सल्ला जरूर घ्या, आणि येताना ती बरणी बरोबर आणा. आपल्या शिवारात ही माशी किती आहे, हे तुमच्या बरण्यांवरूनच कळेल.