भाषांचे कूळ कसे ठरते?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस न्यू गिनी हे मोठे बेट आहे. त्याच्या पूर्वार्धातील पापुआ न्यू गिनी या एकाच देशात ८००हून अधिक भाषा बोलल्या जातात. डोंगराळ प्रदेशातील भाषांना विसाव्या शतकापूर्वी लिपी नव्हती. जुने ग्रंथ नाहीत, शिलालेख नाहीत. मग कोणती भाषा कोणत्या भाषेची बहीण, हे कसे ठरवायचे?

पहिला मार्ग शब्दमोजणीचा. डोके, पाणी, दगड अशा शे-दोनशे नित्याच्या शब्दांची यादी करून दोन भाषांत किती शब्द जुळतात ते पाहायचे. स्टीफन वुर्म यांच्या वर्गीकरणात या मोजणीला मोठे स्थान होते. ती झटपट होते, पण फसवतेही. मराठीने 'अक्का', 'अडकित्ता' हे शब्द कन्नडमधून घेतले, म्हणून मराठी द्राविडी ठरत नाही. उलट, नाते असूनही शब्द बदलतात. कलाम भाषकांत सासरच्या काही माणसांची नावे घ्यायची नसतात. त्या नावांशी मिळतेजुळते शब्दही टाळावे लागतात. अशाने टक्केवारी घसरते.

दुसरी कसोटी सर्वनामांची, कारण ती सहसा उसनी घेतली जात नाहीत. 'मी' यासाठी एंगा भाषेत 'नंबा', कुमानमध्ये 'ना', तर दूरच्या हुऑन द्वीपकल्पातील काते भाषेत 'नो' म्हणतात. शेकडो भाषांची अशी तुलना करून माल्कम रॉस यांनी २००५ मध्ये 'ट्रान्स-न्यू गिनी' हे महाकूळ नव्याने मांडले.

पण आता 'तू' पाहू: काते 'गो', कुमान 'एने', एंगा 'एंबा'. साम्य कुठे गेले? शिवाय एकाक्षरी शब्द योगायोगानेही जुळू शकतात. म्हणून खरी कसोटी तिसरी: ध्वनिबदलाचा नियम. संस्कृत 'सप्त' आणि फारसी 'हफ्त', 'सिंधु' आणि 'हिंदु', येथे 'स'च्या जागी 'ह' नेमाने येतो. असे नियम सापडले की नाते पक्के होते. अँड्र्यू पॉली यांनी ट्रान्स-न्यू गिनी भाषांत असेच नियम शोधले. काही शाखा पक्क्या ठरल्या. काहींबद्दल मतभेद आहेत.

हा वाद केवळ भाषेपुरता नाही. वाघी खोऱ्यातील कुक येथे सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या शेतीच्या खुणा मिळाल्या आहेत. शेतीबरोबर हे कूळ पसरले काय, हा प्रश्न विचारण्याआधी कुळात कोण आणि कुळाबाहेर कोण, हे आपल्याला नीट ठरवावे लागेल. देवमासा माशासारखा दिसला तरी आपण त्याला मासा म्हणत नाही. भाषांनाही हाच न्याय लावायला हवा.