फाइल रखडली की ‘दिरंगाई’, पण ‘कसूर’ कधी?

‘साहेब मीटिंगला गेलेत, पुढच्या आठवड्यात या’ हे ऐकून परत फिरलेल्यांसाठी ही पोस्ट.

महाराष्ट्रात २००५चा एक कायदा आहे. नाव इतकं लांबलचक की सगळे त्याला ‘दप्तर दिरंगाई कायदा’च म्हणतात. (त्यात बदल्यांचेही नियम आहेत. तो भाग कर्मचाऱ्यांना बरोबर पाठ असतो!) त्याचं कलम १० सांगतं की साधारणपणे कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या ७ दिवसांहून जास्त पडून राहू नये. तातडीची असेल तर ४ दिवस.

आता शब्दांची गंमत. ‘दिरंगाई’ फारसीतून आली, अर्थ नुसता उशीर. ‘कसूर’ अरबीतून, अर्थ उणीव. कायद्यातही दोन्ही एक नाहीत. उशीर झाला म्हणून लगेच कसूर ठरत नाही. तो जाणूनबुजून केलेला असावा किंवा कामात हयगय झालेली असावी. मगच ती ‘कर्तव्यातील कसूर’, आणि मगच शिस्तभंगाची कारवाई.

आता मुळात उशीर झाला हे सिद्ध कसं करणार? तारखेवरून. म्हणून अर्ज दिला की आवक क्रमांक आणि शिक्का मारलेली पोच मागून घ्या. ‘पोच कशाला, आम्ही आहोत ना’ म्हणाले, तर नक्कीच घ्या.