कागदावरची सोनघंटा

मुलांच्या पुस्तकांत एखादे पिंपळपान जाळीदार होऊन पडलेले बहुतेक घरी आढळते. वनस्पतिशास्त्रज्ञांचे शुष्क नमुने दिसावयास त्याहून फारसे निराळे नसतात. परंतु अशा एकेका कागदावर एकेका जातीचे नाव टेकलेले असते, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

आमच्या सह्याद्रीतील सोनघंटाच घ्या. जास्वंद, भेंडी व कापूस यांच्या कुळातील हे झुडूप, रस्त्याकडेच्या पेटारीची रानात राहिलेली बहीणच म्हणा ना! फुले घंटेसारखी खाली लोंबणारी. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील अध्यापक वुड्रो यांच्या वनस्पतिसंग्रहाची निगा राखणारे एन्. बी. रानडे यांनी ती आंबा घाटात गोळा केली. १८९४ साली वुड्रो व स्टाप्फ यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध करून 'अब्युटिलॉन रानडेई' हे नाव ठेविले. १८६५ साली शिंदळमाकुडीस गव्हर्नर फ्रियरसाहेबांवरून 'फ्रेरिया' हे नाव मिळाले होते. येथे मान संग्रह राखणाऱ्यास मिळाला, हे आम्हांस विशेष वाटते.

काम मोठे चिकाटीचे. डहाळी टीपकागदांत दाबावयाची, ओलावलेले कागद वरचेवर बदलावयाचे, नाही तर घाटातील दमट हवेत बुरशी ठरलेलीच. वाळताना फुलाचा रंग बहुधा उडतो. म्हणून रंग, स्थळ, तारीख व संग्राहकाचे नाव चिठ्ठीवर तेव्हाच लिहावे लागते. चिठ्ठी हरवली, की उरतो तो पाचोळा!

थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथात (१९०१–१९०८) संग्राहकांच्या नावांपुढे ठिकठिकाणी उद्गारचिन्हे दिसतात. ती आश्चर्याची नव्हेत. 'हा नमुना मी स्वतः पाहिला आहे', एवढाच त्यांचा अर्थ.

पुढे कित्येक दशके सोनघंटा रानात कोणास दिसेना. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा आढळली. मधल्या काळात तिच्या अस्तित्वाची साक्ष होती ती वाळलेल्या डहाळीची, आणि शोध कोठे घ्यावा हे सांगणाऱ्या 'आंबा घाट' या दोन शब्दांची.

पुण्यास आघारकर संशोधन संस्थेत व भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या केंद्रात असे संग्रह आहेत. तेथील कागद नेहमी आडवाच उचलतात. उभा धरला, तर शंभर वर्षांची पाकळी गळून पडावयाची.