तीन सुती गोल पटाशी

घरातले लाटणे एकदा हातात घेऊन नीट पाहा. मधला फुगार, दोन्ही अंगांच्या मुठी, मुठीशी आलेली ती खोलगट मान, सारे फिरत्या लाकडावर कातलेले! सावंतवाडीची लाखरंगी खेळणीही याच कातकामाची. पूर्वी कातारी जमिनीवर बसे, समोरचा गडी दोरी ओढून लाकूड मागेपुढे फिरवी, आणि हत्यार निम्म्याच फेऱ्यांना कापी. आता आमच्या उमरीसारख्या गावातही विजेच्या मोटरीवर हौस भागवता येते. मात्र हौशी मनुष्य अडतो तो हत्यारांच्या दुकानात.

दुकानदार सहा-आठ पटाश्यांचा संच पुढे करतो. तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लाटणे, भोवरा, देव्हाऱ्याचे खांब यांत लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेनेच धावतात. अशा नक्षीला तीन सुती, म्हणजे सुमारे १० मिलिमीटरची, उथळ पन्हळीची एकच गोल पटाशी पुरते. धार नखासारखी वळलेली हवी आणि उतार ४०-४५ अंशांचा. दोन सुती पटाशी नाजूक मण्यांना छान, परंतु टेकूपुढे जरा लांब गेली की थरथरते.

पोलाद हायस्पीडचे घ्यावे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात याच पोलादाने कारखानदारांना थक्क केले होते. साधे पोलाद सहाणेवर निळे पडले की त्याचे पाणी उतरते. शिवाय सागवानातल्या सिलिकामुळे धार लवकर जाते.

आता जिवाची गोष्ट. लाकडी कोरीवकामाची गोल पटाशी दिसायला हिची सख्खी बहीण. पण तिचे पाते पातळ, फिरत्या लाकडाला ते लावू नये. चौकोनी दांडा गोल करणारी रुंद पटाशीही पोळपाटावर चालवू नये. पोळपाटात तंतू आडवे असतात, प्रत्येक फेऱ्यात दोनदा हत्याराला धक्का बसतो, आणि या पटाशीचे मुठीत गेलेले शेपूट अरुंद असल्याने ती तिथेच मोडते. तुकडा तोंडावर येतो! मुलाच्या हौसेला पैसे देणाऱ्या वडिलांनी एवढे दुकानात विचारून घ्यावे.

पटाशी लावताना आधी उताराची पाठ लाकडाला टेकवावी, मग मूठ हळूहळू उचलावी, आणि नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे जावे. सरावाला बाभळीची ओली फांदी चालेल. लाटणे मात्र वाळलेल्या लाकडाचेच करावे. ओल्याचे पुढे वाकते, आणि मग पोळी कोणत्या देशाचा नकाशा होईल, सांगवत नाही.