बिनसाखरेची कुल्फी

कुत्र्याला घाम येत नाही. म्हणजे पंजांच्या तळव्यांना थोडा येतो, पण तेवढ्यावर सबंध देहाचा व्यवहार भागत नाही. आपण उन्हातून आलो की सदरा भिजलेला असतो. पंख्याखाली बसलो की तो घाम उडतो आणि अंग गार होतं. कुत्र्याच्या अंगावर मात्र बारा महिने केसांचा कोट. उष्णता बाहेर टाकायची त्याची मुख्य वाट एकच, ती म्हणजे तोंड उघडून, जीभ लोंबती सोडून भराभर धापा टाकणं. जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं पाणी उडतं, रक्त थंड होतं. आम्हा नागपूरकरांना हे तत्त्व शिकवावं लागत नाही. कूलरच्या ताट्या ओल्या आहेत तोवर हवा गार. टाकी कोरडी पडली की तोच कूलर गरम वारा फेकणारा खोका. मुंबईकर म्हणतील, आमच्याकडे तुमच्यासारखा पारा पंचेचाळिसाला जात नाही. खरं आहे. पण दमट हवेत जसा कूलर निरुपयोगी, तशा धापाही फारशा उपयोगाच्या नाहीत.

आमचा खंड्या अकरा वर्षांचा आहे. जात गावठी, वजन अठरा किलो, स्वभाव सेवानिवृत्त हेडकॅशियरचा. एप्रिल उजाडला की त्याचं खाणं निम्म्यावर येतं आणि पाण्याच्या भांड्याकडे तो असा बघतो, जणू ते दुसऱ्या कुणाच्या खात्यावरचं आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासलं. मोठा बिघाड नव्हता. ते म्हणाले, ‘‘म्हातारा आहे. पाणी पोटात गेलं पाहिजे. कसं घालायचं ते तुम्ही बघा.’’ मी बँकेत बत्तीस वर्षं काढली. ‘तुम्ही बघा’ या शेऱ्याचा अर्थ मला चांगला कळतो. त्या दिवसापासून आमच्या फ्रीझरमध्ये खंड्याचं खातं उघडलं.

सुरुवात कलिंगडानं केली. आमच्या विदर्भात त्याला टरबूज म्हणतात. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं आणि शंभर ग्रॅममागे कॅलरी जेमतेम तीस. बिया वेचून काढायच्या, हिरवी साल अजिबात घ्यायची नाही, लाल गर नुसता हातानं कुस्करायचा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरायचा. साखर नाही, मीठ नाही, चाट मसाला तर नाहीच. चार-पाच तासांत काम होतं. खंड्यानं पहिला तुकडा जमिनीवर ठेवला, भोवती एक प्रदक्षिणा घातली आणि मग चाटायला सुरुवात केली. मांजरांना गोड चव कळत नाही, कुत्र्यांना कळते. त्यामुळे फळांच्या बाबतीत त्यांची समजूत घालावी लागत नाही. अपवाद संत्र्याचा. संत्र्याचा वास आला की खंड्या नाक मुरडून उठून जातो. जन्म नागपूरचा, पण करणार काय!

दुसरा प्रकार दह्याचा. मोठ्या कुत्र्यांना दूध नीट पचत नाही, कारण दुधातली साखर पचवणारा पाचक रस वयाबरोबर कमी होतो. विरजणात ती साखर काही अंशी कमी झालेली असते, म्हणून ताजं, आंबट न झालेलं दही बऱ्याच जणांना चालतं. एक वाटी दही, त्यात काकडीचा कीस किंवा उकडून घोटलेला लाल भोपळा, बस्स. तिसरा प्रकार कोंबडीच्या सुपाचा, आणि इथं आमच्या घरात पेच आला. ही शुद्ध शाकाहारी. शेवटी तडजोड अशी झाली, की मागच्या गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं आणि वेगळा आचारी, म्हणजे मी. नुसत्या पाण्यात मांस उकळायचं. कांदा, लसूण, मीठ काही नाही. सूप गाळून हाडं लगेच फेकायची, कारण शिजलेल्या हाडाच्या चिरफळ्या होतात आणि त्या आतड्याला लागतात. थंड झाल्यावर वर जमलेली चरबी काढून टाकायची. मग ट्रेमध्ये.

अशा गोष्टी विकतही मिळतात. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातले पशुआहाराचे प्राध्यापक विल्यम टिझनिक यांनी कुत्र्यांसाठी खास आईस्क्रीम तयार केलं आणि ते ‘फ्रॉस्टी पॉज’ नावानं बाजारात आलं. माणसाचं आईस्क्रीम कुत्र्याला सोसत नाही, हे त्यामागचं साधं कारण. विकत घेणाऱ्यांनी घ्यावं. मला मात्र डब्यावरची बारीक अक्षरं वाचण्यापेक्षा आत काय घातलं ते स्वतः पाहिलेलं बरं वाटतं.

बर्फ कसा द्यायचा, यालाही विचार लागतो. दगडासारखा टणक खडा कुत्रा दाढेखाली घेऊन कडकन फोडतो. आपल्याला कौतुक वाटतं, पण वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेचा टवका उडू शकतो, आणि ते दुखणं कुत्रा सांगत नाही. म्हणून ट्रे बाहेर काढून पाच-सात मिनिटं ठेवायचा, किंवा पसरट भांड्यात पातळ थर गोठवून काट्यानं खरवडायचा, गोळेवाला किसतो तसा. फ्रीझरमधून काढलेली स्टीलची ताटली थेट पुढे करू नये. ओली जीभ तिला चिकटते. आणि कुल्फीसारखी काडी तर नकोच. एक कुत्रा काडी बाजूला काढून ठेवील, दुसरा ती गिळेल. नात सुट्टीला आली की काडीच्या जागी गाजराची फोड खोचते. ती कल्पना तिची, आणि माझ्या मते बँकेतल्या कितीतरी परिपत्रकांपेक्षा शहाणपणाची.

हिशेबाचं बोललो नाही तर माझी नोकरी वाया गेली म्हणायची. खाऊचा वाटा दिवसाच्या एकूण कॅलरीत दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये, असं पशुवैद्य सांगतात. खंड्यासारख्या नसबंदी झालेल्या, अठरा किलोच्या म्हाताऱ्याला दिवसाला साधारण नऊशे कॅलरी पुरतात. म्हणजे खाऊला नव्वद. मध्यम आकाराच्या एका केळ्यातच शंभराच्या आसपास असतात! ज्यांच्या घरी पाच किलोचं छोटं कुत्रं आहे, त्यांनी आपलं अंदाजपत्रक याहूनही पुष्कळ आखडतं घ्यावं.

पण खरी काळजी वजनाची नाही. आपण ज्या पदार्थांनी माणसांचे लाड करतो, त्यातले काही कुत्र्याच्या जिवावर उठतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकची द्राक्षं स्वस्त होतात. ती गोठवून मुलांना द्यावीत, कुत्र्याला एकही नको. द्राक्षं, मनुके, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कारण पुष्कळ वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, आणि पुढे चिंच खाल्लेल्या कुत्र्यांचीही तशीच प्रकरणं नोंदली. चिंच! जिच्याशिवाय आपली आमटी होत नाही, ती. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे, श्रीखंडातलं जायफळ, चॉकलेट, कांदा-लसूण हे सगळं याच यादीत. आणि घरात मधुमेही माणूस असेल तर बिनसाखरेच्या गोळ्या, च्युइंगम, काही शेंगदाणा-बटरं यांच्या वेष्टनावर झायलिटॉल हा शब्द शोधावा. माणसाला तो निरुपद्रवी. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्यानं इन्सुलिन उसळतं आणि तासाभराच्या आत रक्तातली साखर कोसळू शकते. यातलं काही पोटात गेल्याचं कळलं तर लक्षणांची वाट पाहू नये, डॉक्टर गाठावा.

नामदेवांची पोळी कुत्र्यानं पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. माझी आई ती सांगायची, तेव्हा आमच्या दारच्या कुत्र्यालाही तूप लावलेली पोळी मिळायची. आमचे डॉक्टर त्या काळी असते, तर हात जोडून म्हणाले असते, ‘‘महाराज, पोळी नेऊ द्या, तूप राहू द्या.’’ फार स्निग्ध खाल्ल्यानं कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते. भक्तीच्या कथेला वैद्यकाची फूटपट्टी लावू नये हे मान्य. पण पोळीवर तूप वाढताना माझा हात आता थबकतो.

एक गोष्ट सांगायला जड जाते. गेल्या मे महिन्यात आमच्या वसाहतीतला एक पग गेला. चपट्या नाकाचा, सगळ्या मुलांचा लाडका. सकाळी नऊ वाजता त्याला डांबरी रस्त्यावरून फिरवून आणलं, आणि तो दारातच बसला. धापा थांबेनात, हिरड्या लालभडक, मागचे पाय लटपटत होते. घरच्यांनी जिवाच्या आकांतानं त्याच्या तोंडात बर्फाचे तुकडे घातले. पंधरा-वीस मिनिटं त्यात गेली. माणसं प्रेमळ होती, त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. पण हे लिहून ठेवायला हवं, की गोठवलेला खाऊ हा उन्हाळा सुसह्य करण्यासाठी आहे, उष्माघातावरचा तो उपाय नव्हे. कुत्र्याचं शरीर मुळात १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. १०४ च्या पुढे गेलं की धोका. अशा वेळी बादलीनं, नळीनं, जसं जमेल तसं सगळं अंग पाण्यानं भिजवायचं आणि पंख्याचा वारा घालायचा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवायचा नाही, तो ऊब कोंडतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. आधी गार करायचं, मग गाडीत घालून दवाखाना, हा आजचा सल्ला आहे. आणि पगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांना उन्हाळ्यात ऊन तापण्याआधी, पहाटेच फिरवून आणावं.

त्या पगच्या घरी मी नंतर भेटायला गेलो. त्यांच्या धाकट्या मुलानं विचारलं, ‘‘काका, खंड्याला तुम्ही रोज देता ते आम्ही दिलं असतं तर?’’ मी म्हटलं, ‘‘नाही रे, त्यानं काही झालं नसतं.’’ ते खरं होतं. तरी घरी येईपर्यंत त्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

यंदा हिनं फ्रीझरचा खालचा कप्पा अधिकृतरीत्या खंड्याच्या नावे केला. ट्रेवर चिठ्ठ्या लावल्या, कारण पुण्याहून आलेल्या जावईबापूंनी भोपळा-दह्याचे दोन तुकडे स्वतःच्या पन्ह्यात टाकून घेतले आणि ‘‘मामी, छान दाट लागतंय,’’ अशी पावती दिली. आता दुपारी तीनला खंड्या फ्रीजसमोर येऊन बसतो. त्याच्या ट्रेशेजारी एक चौकोनी डबा असतो, त्यात नुसतं पाणी. तो गोठला की लादी काढून मी फाटकाबाहेरच्या सिमेंटच्या कुंडीत सोडतो. गल्लीतली चार कुत्री आणि एक गाय साडेतीनपर्यंत तिथं येऊन जातात. लादी साधारण पाचला विरघळते, मग मी कुंडी घासून पुन्हा भरतो.