पाण्यातलं वजन

अकोल्याच्या जुन्या शहरात सोन्याचा कस लावणारी माणसं अजून आहेत, त्यांच्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं म्हणून मी मोर्णा ओलांडून पश्चिम काठावर गेले. या भागाचा इतिहास असदगडापासून सांगतात. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा हा किल्ला १६९७च्या सुमारास उभा राहिला. पण मी ज्या पेढीवर बसले, तिथे त्या दुपारी सोनं नव्हतंच. कुणाच्या तरी घरातून आलेली चिनी मूर्ती समोर होती. पाय पोटाशी घेऊन बसलेला, मुठीत मावेल एवढा हिरवट पांढरा सिंह. घरच्यांचे प्रश्न दोन होते. हा जेड आहे का? आणि किती येतील?

म्हाताऱ्या पारख्यांनी कसोटीचा दगड काढलाच नाही. चाकूने ओरखडून बघा, असं कुणी सुचवलं, तेही त्यांनी मोडून काढलं. त्यांचं बरोबर होतं. जेडवर पोलादी पात्याचा ओरखडा सहसा उमटत नाही, पण क्वार्ट्झवरही उमटत नाही. म्हणजे ओरखडा न उठल्याने काहीच सिद्ध होत नाही आणि दगड मऊ निघाला तर वस्तू कायमची बिघडते.

त्यांनी काट्यावर सिंह ठेवला. ११८ ग्रॅम. मग बारीक दोऱ्याने बांधून तो पाण्याच्या भांड्यात असा लोंबकळत सोडला की तळाला किंवा कडेला कुठेच टेकू नये. त्याआधी कोरीव खाचांत अडकलेले हवेचे बुडबुडे मऊ कुंचल्याने एकेक करून काढले. बुडबुडा वस्तूला वर उचलतो आणि हिशेब खोटा पडतो. पाण्यात वजन भरलं ७८. फरक ४०. ११८ला ४०ने भागलं की २.९५.

या एका आकड्याने मला दिवसभर तिथे खिळवून ठेवलं. जेड या नावाखाली दोन वेगळी खनिजं येतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ दामूर यांनी १८६३ साली दाखवलं. नेफ्राइटचं विशिष्ट गुरुत्व २.९५च्या आसपास असतं, जेडाइटचं ३.३३च्या. जेड म्हणून सर्रास खपवलं जाणारं सर्पेंटाइन २.६च्या जवळ येतं, क्वार्ट्झ २.६५, संगमरवर २.७. चीनचं जुनं कोरीव काम मुख्यतः नेफ्राइटचं, खोतानच्या नद्यांतून आलेलं. ब्रह्मदेशाचं जेडाइट तिथे मोठ्या प्रमाणात पोहोचलं ते अठराव्या शतकात. नेफ्राइटचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की छिन्नीचं तिथे चालत नाही. फिरत्या चकतीखाली कठीण वाळू आणि पाणी देत तो झिजवावा लागतो. त्या सिंहाच्या आयाळीतली प्रत्येक रेघ अशी झिजवून काढलेली होती.

दगड तर नेफ्राइट ठरला. घरच्यांचे चेहरे उजळले. पारखी मात्र म्हणाले, "हे दगडाचं वजन झालं जी. वय मले नाई सांगता येत."

खरी अडचण इथून सुरू होते आणि तीच मला जास्त अस्वस्थ करते. कालच्या कारखान्यातला नेफ्राइट आणि अठराव्या शतकातला नेफ्राइट पाण्यात सारखेच उतरतात. वय शोधायचं ते कामात. भोक दोन्ही बाजूंनी पाडून मध्ये जुळवलंय की आजच्या हिरकणी सुईने सरळ आरपार गेलंय? खोल खाचांतही झिलई पोचली आहे, की ती फक्त वरवर आहे? तपकिरी डाग दगडाचाच आहे, की भाजून, रंगवून आणलेला? त्यातही जुन्या धाटणीची नक्कल चीनमध्ये शतकानुशतकं होत आली आहे. नक्कलसुद्धा दोनशे वर्षांची असू शकते. जेडाइटच्या बाबतीत पाण्याचा काटाही पुरत नाही. आम्लाने धुऊन राळ भरलेला तुकडा ओळखायला प्रयोगशाळेतलं अवरक्त किरणांचं यंत्र लागतं.

कामावरून वय ओळखायची नजर खात्रीच्या वस्तू पाहूनच तयार होते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेल्या चिनी वस्तू आहेत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जेडचं स्वतंत्र दालन आहे. ज्यांनी वऱ्हाड इंग्रजांकडून निजामाला परत मिळावा म्हणून आयुष्यभर खटपट केली, त्या पहिल्या सालारजंगांच्या नातवाचा हा संग्रह. अकोल्यातल्या माणसाला ही दोन्ही ठिकाणं एका रात्रीच्या प्रवासावर आहेत, पण मूर्ती विकायला निघालेलं घर तिथे जात नाही. ते पहिल्या आकड्यावर सौदा करतं.

वय हा नुसत्या किमतीचा प्रश्न नाही. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, असं १९७२चा पुरावशेष कायदा सांगतो. म्हणून मूल्यांकनाच्या कागदावर तीन उत्तरं वेगवेगळी लिहिली जावीत: दगड कोणता, काम कसं, वय किती. तिसरं उत्तर ठाऊक नसेल तर ती ओळ कोरी ठेवावी. त्या पारख्यांनी ती कोरीच ठेवली आणि किंमत लिहायला नकार दिला. माझ्या लेखी त्यांच्या पेढीची पत त्या नकारात आहे.