स्नानगृहाची फरशी : आधी कागदावर, मग जमिनीवर

घर बांधताना दिवाणखान्याच्या फरशीवर कुटुंबात अनेक दिवस चर्चा चालते, देवघराचा संगमरवर पारखून घेतला जातो. स्नानगृहाचा निर्णय मात्र दुकानातील नमुना पाहून पाच मिनिटांत होतो आणि टाइल्सची मांडणी गवंड्यावर सोडली जाते. वास्तविक रोज पाणी वाहते ते याच लहानशा खोलीत. ज्येष्ठ मंडळी आणि तपस्वी ओल्या पायांनी वावरतात तेही येथेच. म्हणून या फरशीचा विचार शोभेपुरता न ठेवता जयणेच्या दृष्टीने करणे अगत्याचे ठरते.

पाणी थांबता कामा नये

साचलेल्या पाण्यात जीवोत्पत्ती होते आणि ओलसर सांध्यांत शेवाळ धरते. शेवाळाची गणना अनंतकायात होते. इरियावहिय सूत्रात ज्यांच्या विराधनेची आलोचना केली जाते त्यांत शेवाळ आणि ओली मातीही आहे. शेवाळ धरल्यावर ते ॲसिड ओतून घासून काढायचे, म्हणजे हिंसा आणि नुकसान दोन्ही. कारण ॲसिडने सांध्यांतील सिमेंट झिजते आणि पुढच्या शेवाळाला जागा मिळते. खरा उपाय शेवाळ काढण्यात नसून ते होऊ न देण्यात आहे आणि तो उताराच्या आखणीपासून सुरू होतो.

दर मीटरला 10 ते 15 मि.मी. उतार पुरेसा असतो. सात फूट लांबीच्या स्नानगृहात तो साधारण एक इंच होतो. जाळी खोलीच्या मधोमध असेल, तर चारही बाजूंनी उतार द्यावा लागतो. अशा वेळी 600 मि.मी.ची मोठी टाइल दोन उतारांवर एकाच वेळी बसू शकत नाही. ती कर्णावर कापावी लागते, अन्यथा तिची कड वर राहते आणि तेथे पाणी अडते. जाळी भिंतीलगत किंवा कोपऱ्यात घेतल्यास मुख्य उतार एकाच दिशेने देता येतो. लहान टाइल्स उताराशी सहज जुळतात; म्हणून स्नानगृहाला 300 मि.मी.ची, म्हणजे फूटभराची टाइल सोयीची.

जाळीची जागा नळकाम करताना ठरते, टाइल्स लावताना नाही. म्हणूनच फरशीचा आराखडा प्लंबर येण्याआधी तयार हवा.

मापे आणि मध्यरेषा

प्रथम रुंदी आणि लांबी प्रत्येकी तीन ठिकाणी मोजावी. नंतर दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या भिंती सारख्या असून कर्णही समान आले, तर कोपरे काटकोनात आहेत असे समजावे.

उदाहरणादाखल, प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत 1575 मि.मी. रुंद आणि 2135 मि.मी. लांब, म्हणजे पाच फूट दोन इंच बाय सात फूट, असे स्नानगृह घेऊ. दरवाजा अरुंद बाजूला आहे. टाइल 300 मि.मी.ची आणि सांधा 3 मि.मी.चा.

एका भिंतीपासून अखंड टाइल लावत गेल्यास रुंदीत पाच टाइल्स बसतात आणि पलीकडे 60 मि.मी.ची चिंचोळी पट्टी उरते. त्यातलाही काही भाग भिंतीच्या टाइलखाली जातो. अशी पट्टी कापताना तुटते, तिच्याखाली मसाला नीट बसत नाही आणि दरवाजा उघडताच ती नजरेत खुपते. त्याऐवजी रुंदीची मध्यरेषा आखून चार अखंड टाइल्स मध्ये घ्याव्यात; दोन्ही बाजूंना 180 मि.मी.चे समान तुकडे येतात. कापलेला तुकडा निम्म्या टाइलपेक्षा लहान नसावा, हा नियम येथे पाळला जातो. शिवाय 5 इंची जाळी या कडेच्या पट्ट्यातच बसते.

लांबीत सात टाइल्स आणि सहा सांधे मिळून 2118 मि.मी. होतात, 17 मि.मी. उरतात. ते दोन्ही टोकांना विभागावेत. भिंतीच्या टाइल्सची सर्वांत खालची ओळ फरशी झाल्यावर लावली, की ही फट तिच्याखाली झाकली जाते.

हिशेब आणि अपरिग्रह

केवळ क्षेत्रफळावरून मोजले, तर 38 टाइल्स पुरतील असे वाटते. प्रत्यक्षात सहा रांगांच्या सात ओळी, म्हणजे 42 टाइल्स लागतात. कारण कडेच्या 14 टाइल्समधून निघालेला 120 मि.मी.चा तुकडा दुसऱ्या कडेला अपुरा पडतो. तुटफुटीसाठी दहा टक्के धरून 47 टाइल्स घ्याव्यात. सर्व खोक्यांवरील शेड क्रमांक एकच असल्याची खात्री करावी. मोरबीच्या कारखान्यांतून नमुने सतत बदलत असतात. पुढील दुरुस्तीसाठी चार टाइल्स जपून ठेवणे हा संग्रह नव्हे, दूरदृष्टी आहे. उरलेल्या 14 पट्ट्या गच्चीच्या किंवा धुण्याच्या जागेच्या स्कर्टिंगला वापरल्यास सुमारे चार मीटर काम होते आणि काही वाया जात नाही.

पाय आणि नजर

चकचकीत टाइल दुकानात देखणी दिसते, पण साबणाच्या पाण्याने निसरडी होते. अठ्ठाईच्या सातव्या दिवशी अशक्त झालेल्या तपस्व्यासाठी किंवा ऐंशीच्या घरातील आजीसाठी एक घसरण म्हणजे मांडीचे हाड मोडण्याची भीती. म्हणून खरबरीत, मॅट पृष्ठभागाची, आर-10 किंवा आर-11 श्रेणीची टाइल मागावी.

रंग फिका असावा. काळ्या किंवा ठिपकेदार फरशीवर मुंगी दिसत नाही आणि नकळत पाण्याबरोबर वाहून जाते. पाऊल टाकण्यापूर्वी भूमी पाहावी, हे ईर्या समितीचे सूत्र. ती पाहता येईल अशी फरशी निवडणे हा त्याचाच गृहस्थाश्रमातील विस्तार होय. सांध्यांत साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट भरल्यास खर्च वाढतो, पण सांधे पाणी शोषत नाहीत आणि शेवाळाला आधार मिळत नाही.

काम सुरू होण्यापूर्वी

जलरोधक थर दिल्यावर पाणी भरून किमान 24 तास गळती तपासावी. मग दोन ओळी मसाल्याशिवाय कोरड्या मांडून पाहाव्यात आणि उताराची दोरी घरातील जबाबदार व्यक्तीने स्वतः तपासावी. फरशी पूर्ण झाल्यावर, सांधे भरण्यापूर्वी, एक तांब्या पाणी दरवाज्यापाशी ओतावे. ते कोठेही न रेंगाळता जाळीपर्यंत पोहोचले, तरच गवंड्याचे काम पूर्ण झाले असे मानावे. हिशेब जुळल्याशिवाय वही बंद न करणाऱ्या कुटुंबांना ही शिस्त नवीन नाही; ती स्नानगृहाच्या उंबरठ्याआत न्यायची, एवढेच.